पत्रिकेच्या वहीतली माणसं

अण्णा,

तुमची पत्रिकावाटपाची वही धाकटीकडं होती, हे तुम्हाला ठाऊक नसणार. तुम्ही गेल्यावर आईनं तुमचा चष्मा मला दिला, सायकल चुलत्यांना दिली आणि ती लांबडी वही धाकटीला, कारण तिनं ती मागितली. बापाच्या माघारी पोरीनं मागून काय मागावं, तर पाहुण्यांची यादी, म्हणून मला तेव्हा हसू आलं होतं. वही मात्र बघण्यासारखी. गावागणिक पानं, पानावर घरं, आणि घरापुढं तुमच्या बारीक अक्षरातल्या सूचना. स्वतः जाऊन द्यावी. आधी थोरल्या घरी, मग धाकट्या. चहा घेतल्याशिवाय उठू नये, रुसतात. यांच्यासमोर भावाचं नाव काढू नये. भावकीत कुणाचंही लग्न निघालं की छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा आधी आपल्या घरी यायचा, आणि शाळा सुटल्यावर तुम्ही तो सायकलला बांधून निघायचा. बेंबळीच्या शाळेत तुम्ही जन्मभर गणित शिकवलंत, पण पाहुण्यारावळ्यांत तुमची ओळख पत्रिकावाले गुरुजी हीच. टपालानं पत्रिका पाठवणं म्हणजे तुमच्या लेखी निमंत्रण नव्हतं, नोटीस होती.

तर तीन वर्षांमागं धाकटी एका साखळीत शिरली. तुमच्या काळी असलं काही नव्हतं असं नाही, पण इतकं इस्त्री केलेलं नव्हतं. एक कंपनी असते. ती ताकदीची पावडर, टूथपेस्ट, फरशी पुसायचं औषध असलं काहीबाही बनवते आणि दुकानात न ठेवता माणसांच्या हातून विकते, दुकानाच्या तिप्पट भावानं. तुम्ही आधी स्वतः माल घ्यायचा, मग तुमच्या खाली सहा माणसं जोडायची, त्या सहांनी आपापल्या खाली सहा. खालचा जे घेईल त्यातला वाटा वरच्याला. वरच्याला सर म्हणायचं. धाकटीचे सर कोट घालायचे. मे महिन्यात धाराशिवात कोट घालून हिंडणारा माणूस एकतर नवरदेव असतो नाहीतर गंडवायला आलेला असतो, आणि या गृहस्थाच्या कपाळाला मुंडावळ्या नव्हत्या. त्यानं पहिल्या दिवशी सगळ्या बायकांना सांगितलं, ओळखीतल्या शंभर माणसांची यादी करून आणा. बाकीच्या बायका चाळिसाव्या नावाला अडल्या. धाकटीनं दुसऱ्या दिवशी तुमची वही टेबलावर ठेवली.

"हे काय आहे मॅडम?"

"आमच्या अण्णांची वही हाय. पाहुणे हायत."

त्यानं पानं उलटली. मग म्हणे वही मिटून म्हणाला, "मॅडम, तुम्ही आधीपासूनच सक्सेसफुल आहात. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच." हे मला तिनंच सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा असा काही उजळला होता की मी तोंडाशी आलेला टोमणा गिळला. अशा वेळा माझ्या आयुष्यात फार नाहीत.

मग ती निघाली. अगदी तुमच्या सूचना पाळत, आधी थोरल्या घरी, मग धाकट्या. बेंबळीत काकूंनी तिला हातात पिशवी घेऊन येताना पाहिलं आणि आत जाऊन कुंकवाचं ताट आणलं. तुमच्या घरातलं माणूस असं न सांगता दारात उभं राहिलं की त्याचा अर्थ गेली चाळीस वर्षं एकच होता.

"कुणाचं जमलं गं बाई?"

धाकटीनं पिशवीतून डबा काढला. "पावडर हाय काकू. गुडघ्याला चांगली असती."

"आन् लग्न?"

"लग्न न्हाय."

काकूंनी डबा घेतला. का घेणार नाहीत? गुरुजींची लेक दारात आली, तिला रिकाम्या हातानं कसं परत धाडायचं. बेंबळीत घेतला, तेरखेड्यात घेतला, धाराशिवातल्या मावसभावानं तर दोन घेतले. पहिल्या दोन महिन्यांत धाकटीचा आलेख असा चढला की सरांनी तिचा हार घातलेला फोटो मोबाईलवर सगळीकडं फिरवला. पुढं मी त्यातल्या तीन घरी गेलो तेव्हा तिन्ही ठिकाणी डबा बंदच होता. काकूंनी तर तो देवघरात ठेवलेला, झाकणाला कुंकवाचं बोट लावून. त्यांनी तो माल म्हणून घेतलाच नव्हता, अण्णा. लेकीचा मान म्हणून घेतला होता. आणि मान एकदाच करतात, दर महिन्याला करत नाहीत, ही साधी गोष्ट त्या कोटातल्या माणसाला कळत नव्हती असं मला बिलकुल वाटत नाही. त्याला ती पक्की ठाऊक होती. तो एकदाच्याच मानावर जगत होता, गावोगावच्या.

दुसऱ्या वेळी कुणी डबा घेईना, तेव्हा सरांनी सांगितलं, ग्राहक सोडा, माणसं जोडा. धाकटीनं सहा जोडले. दोन चुलतभाऊ, एक नणंद, मावसभाऊ, त्याची मेहुणी आणि तेरखेड्याचा आपला आतेभाऊ, तो फटाक्यांच्या शेडवर कामाला आहे. त्या सहांना पुन्हा तोच हुकूम, शंभर नावांची यादी आणा. यादी आणायची कुठून? सगळ्यांनी मिळून तुमच्या वहीची झेरॉक्स काढली. खरंच काढली. बसस्टँडसमोरच्या दुकानात, सहा प्रती, स्पायरल बाइंडिंगसह. कागदावर सहाचे छत्तीस, छत्तिसाचे दोनशे सोळा असा डोंगर उभा राहत होता, आणि प्रत्येकाच्या हातात तीच काकू, तोच मावसा, तेच थोरलं घर आणि तेच धाकटं. एका रविवारी तिघंजण तीन गाड्यांवरून काकूंच्या ओट्यापाशी एकदमच उतरले, एकसारख्या पिशव्या घेऊन. काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबांनो, तुमच्यातलं एकच कुणीतरी यावा. म्या एकदाच न्हाय म्हणीन, तिघांनी वाटून घ्या."

तुमची मला फार आठवण आली तेव्हा. मी सातवीत होतो, तुम्हीच आमच्या वर्गावर होता. आठ गडी एक विहीर दहा दिवसांत खणतात, तर ऐंशी गडी किती दिवसांत खणतील? मी हात वर केला, म्हणालो, एक दिवस. तुम्ही माझा कान धरून मला शाळेमागच्या विहिरीपाशी नेलंत, सगळा वर्ग मागं. "उत्तर बरोबर हाय," तुम्ही म्हणालात. "आता ऐंशी गडी आत कुठं उभं करतूस ते दाखव." कान दोन दिवस दुखत होता आणि मला वाटत होतं, उत्तर बरोबर असून मार का? आता मला रोज ते चित्र दिसतं. फळ्यावरचं गणित कुठंच चुकलेलं नाही. सहा, छत्तीस, दोनशे सोळा, सगळं बरोबर. फक्त आपली भावकी एवढीशी आहे, आणि तिच्यात आधीच उतरलेले लोक एकमेकांच्या पाठीवर कुदळ मारतायत.

मला किळस येते ती इथून पुढच्या गोष्टीची. हे बुडणार हे वरच्यांना ठाऊक असतं, म्हणून बुडण्याची सोय त्यांनी आधीच करून ठेवलेली असते. तिला म्हणतात सिस्टीम. रोज पहाटे उठून यशाची भाषणं ऐका. महिन्याला त्यांचं एक पुस्तक घ्या. दर मेळाव्याचं तिकीट काढा, नुसतं आपलं नाही, खालच्यांचीही काढायला लावा. पावडर खपो न खपो, तिकिटं खपतात, आणि वरच्यांचा खरा माल तोच असतो. हरणाऱ्याला जिंकण्याची शिकवणी विकायची. आणि एवढं करून जो हरला त्याला सांगायचं, सिस्टीम कधी फेल होत नाही, माणूस फेल होतो. तुम्ही मनापासून केलं नाहीत. शंका विचारणारा नातेवाईक निगेटिव्ह, त्याच्याकडं जाणं सोडा. धाकटीनं दीड वर्ष माझ्याकडं येणं सोडलं होतं. शाळेत तुमचा नापास पोरगा निदान कुणी शिकवलं नाही म्हणून रडू शकायचा. इथं तेवढीही सवलत नाही. नापास होणारा आपणहून मान खाली घालतो आणि पुढच्या मेळाव्याचं तिकीट काढतो. तेरखेड्याचा आतेभाऊ सगळ्यात आधी बाहेर पडला. सरांना तोंडावर म्हणाला, "आमचा बॉम्ब फुसका निघाला तर आमी गिऱ्हाइकाला वात ओली होती का इचारत न्हाय, साहेब. दुसरा देतो."

आता भाचीचं लग्न ठरलंय, पुढच्या महिन्यात. पत्रिका छापून आल्या. धाकटी पहिलाच गठ्ठा घेऊन गेली, तुमच्या वहीप्रमाणे, आणि पहिल्या तिन्ही घरांनी तिला गल्लीच्या तोंडाशी पाहून दार लावून घेतलं. एका घरात कुणीतरी आतूनच म्हणालं, "घरात कुणी न्हाय." ती तशीच माझ्याकडं आली. गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "दादा, तू जा. मी दिसले की लोकं दडतेत. पोरीच्या लग्नाला माणूस आलं न्हाय तर तिच्या सासरी काय सांगू?" साखळी तिनं सहा महिन्यांपूर्वीच सोडली आहे, पण ते दारोदार सांगत फिरायचं कसं?

मी गेलो. आठवडाभर फिरलो, चहा पीत, रुसवे सांभाळत. पुष्कळ ठिकाणी पत्रिका घेतली आणि "बघू" म्हणाले. आपल्याकडं बघू म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. काकूंनी आधी माझ्या हातून पिशवी घेतली आणि आत डोकावून पाहिलं. तळापर्यंत. मग म्हणाल्या, "ती का न्हाय आली?"

"लाजती, काकू."

"लाजू दे जरा." कुंकवाचं ताट आणायला त्या उठल्या. "आन् तिला सांग, हळदीला म्या येती. मांडवात डबे मांडलेले दिसले तर माघारी फिरीन."

एवढ्या वाऱ्या केल्यावर एक प्रश्न मला छळतो, तो तुम्हाला विचारल्याशिवाय राहवत नाही. धाकटी मूर्ख नाही. तुमचं गणित दोघा भावंडांत तिलाच आलं होतं. मग अडीच वर्षं ती तिथं का राहिली? बारावीला मी कसाबसा काठावर पास झालो तेव्हा तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत. दोन वर्षांनी ती पहिल्या वर्गात आली. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, ती दारात निकालाचा कागद घेऊन उभी, आणि तुम्ही कागद पाहून परत दिलात. "पोरीच्या पेढ्याची काय घाई? लग्नात वाटूच की." डी.एड.चा फॉर्म तिनं भरला होता, तो तुम्ही पाठवला नाहीत. मी तिथंच बसलो होतो. चहा पीत होतो.

दोन वर्षांमागं मी त्यांच्या एका मेळाव्याला गेलो होतो, धाराशिवातल्याच मंगल कार्यालयात. पेपरातल्या माझ्या सदरासाठी मजकूर मिळेल म्हणून. दर रविवारी मी लोकांची टिंगल लिहितो, त्यावरच माझं नाव आहे. स्टेजवर धूर, कोट, कर्कश संगीत, सगळं जसं हवं तसं. मग धाकटीचं नाव पुकारलं. ती माईकपाशी उभी राहिली आणि हॉलभर माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली. ती रडत होती. आपल्या घरात तिच्यासाठी कुणी कधी टाळी वाजवलेली नव्हती, ते त्या लुच्च्यांनी बरोबर हेरलं होतं. आपण फुकट देऊ शकत होतो ते त्यांनी तिकीट लावून विकलं.

पुढच्या रविवारी मी त्या हॉलची यथेच्छ सालटी काढली. कोटाची, धुराची, माईकपाशी रडणाऱ्या बाईचीसुद्धा. भावकीत तो लेख खूप वाचला गेला. धाकटीसाठी बंद झालेली सगळीच दारं काही डब्यांमुळं बंद झाली नसावीत. तिनंही वाचला. "चांगला लिहिलास दादा," एवढंच म्हणाली.

हे तिला कधी दाखवणार नाही, आणि तुम्हाला पोचायचा प्रश्नच नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. उठून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. हात दुखेपर्यंत वाजवत होतो. तेवढं एक वाक्य लेखात लिहायचं राहून गेलं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. राहून गेलं नव्हतं, अण्णा. मी ते लिहिलं होतं आणि खोडलं.