परीक्षक क्रमांक दोन

२ जानेवारी
यंदा तीन पेपर. एक संभाव्यतेवर, एक संख्याशास्त्रावर, एक दोन्हींवर.

वर्षअखेरीला प्राध्यापकपदाची मुलाखत आहे. जागा एक, उमेदवार दोन. नियम असा की नामांकित जर्नलने किमान एक पेपर स्वीकारलेला हवा. किमान वगैरे शब्द माझ्यासाठी नाहीत.

दुसरा उमेदवार म्हणजे कपाटापलीकडचा. विभागाने आमच्या खोलीत मधोमध लोखंडी कपाट घालून एकीच्या दोन खोल्या केल्या आहेत. अलीकडे मी, पलीकडे तो. दोघांनी एकाच सरांकडे पीएच.डी. केली, तीही एकाच बाकावर बसून. लाडका अर्थात मी. तो नुसता हुशार होता.

९ जानेवारी
पहिल्या पेपरचं शीर्षक ठरलं: ‘रांग सोडून जाणाऱ्यांची संभाव्यता’. माणूस रांगेत उभा राहतो, कंटाळतो, निघून जातो. रांग किती उरेल? यावर माझं स्वतःचं प्रमेय आहे.

शीर्षकाखाली नाव टाइप करून पाहिलं. शोभतं. आज एवढं पुरे.

२३ फेब्रुवारी
जर्नलला पेपर त्यांच्याच साच्यात हवा. समास, अंतरं, संदर्भांची पद्धत, सगळं त्यांचं. महिनाभर समासच जुळवतोय. प्रमेय दीड पानाचं आहे आणि आभार दोन पानांचे झालेत. हिने वाचले. म्हणाली, यात माझं नाव कुठे आहे? म्हटलं, आभार संशोधनाला मदत करणाऱ्यांचे असतात. रात्रीचं जेवण मग मीच वाढून घेतलं.

१५ मार्च
हिला प्रमेय समजावून सांगितलं. ही दातांची डॉक्टर, पण ऐकून घेते. प्रत्येक माणूस आपापल्या मनाने रांग सोडतो, दुसऱ्याकडे बघून नाही, हे आपण गृहीत धरायचं, असं सांगितलं. ती म्हणाली, माझ्या दवाखान्यात एक उठला की मागोमाग चौघं उठतात. म्हटलं, दातदुखी हा अपवाद आहे. तिथे लोक पळायला निमित्तच शोधत असतात.

काही लोकांना सिद्धान्त झेपत नाही. ठीक आहे.

२ मे
तीन पेपरांचा संकल्प दोनावर आणला. दर्जा महत्त्वाचा.

कपाटापलीकडून दिवसभर टकटक टकटक. हा काय एवढं टाइप करतो? विचार नसला की बोटं चालतात.

११ जून, दुपारी
पाठवला!

सकाळ फॉर्म भरण्यात गेली. तीनदा पासवर्ड विसरलो. संपादकांना पत्र जोडलं, की या पेपरने रांगशास्त्राला कलाटणी मिळेल. जर्नलमध्ये नावं दोन्हीकडून झाकतात. परीक्षकाला लेखक कळत नाही, लेखकाला परीक्षक. तरी परीक्षक म्हणून कोण चालेल असं विचारतात. तिथे बिनधास्त सरांचं नाव टाकलं. ते माझी शैली दुरून ओळखतील आणि पुढचं सांगायला नको. घरचाच मांडव.

संकल्प एकावर आणला. आता दर्जाला पर्यायच नाही.

१२ जून
जर्नलच्या साइटवर पेपरची स्थिती: ‘संपादकांकडे’. सकाळी पाहिलं. चहानंतर पाहिलं. तासाला गेलो, वर्गातून मोबाइलवर पाहिलं. एका विद्यार्थिनीने विचारलं, सर, घरी सगळं ठीक आहे ना? मुलं गुणी आहेत.

२० जुलै
स्थिती: ‘परीक्षणाधीन’. हिला फोन करून कळवलं. मागे ड्रिलचा आवाज येत होता. म्हणाली, पेशंटचं तोंड उघडं आहे, नंतर बोलू.

कपाटापलीकडच्याचा पेपर एका जर्नलने घेतला. पेढे वगैरे काही नाही, नुसतं येऊन सांगून गेला. मी अभिनंदन केलं. मनापासून केलं, असं त्याला तरी वाटलं असावं.

५ सप्टेंबर
निकाल आला. ‘मोठी दुरुस्ती आवश्यक’. मोठी! हा अपमान आहे.

परीक्षक क्रमांक एक: चार ओळी. विषय रंजक, मांडणी स्वच्छ, हरकत नाही. हे सर. शंभर टक्के. वयोमानाने थोडक्यात लिहितात.

परीक्षक क्रमांक दोन: दीड पान. म्हणे, प्रत्येक जण स्वतंत्रपणे रांग सोडतो हे लेखकाने गृहीत धरलं आहे, तपासलेलं नाही. म्हणे, संगणकावर खोटी रांग उभी करा, लोकांना एकमेकांकडे बघून जाऊ द्या, आणि प्रमेय टिकतं का ते दाखवा. शेवटी वर शहाणपणा: ‘गृहीत धरणं सोपं असतं, म्हणूनच तपासावं.’

संपादक लिहितात, ऑक्टोबरअखेर एवढं करून द्या, पेपर घेण्यास अडचण दिसत नाही. मुलाखत नोव्हेंबरात. ही म्हणाली, मग करून टाक की. दुरुस्ती सांगितली म्हणजे दात काढायला नाही सांगितलं. तिला समजावलं की प्रश्न कामाचा नाही, मानाचा आहे.

७ सप्टेंबर
हा दोन नंबरवाला कोण?

८ सप्टेंबर
‘गृहीत धरणं सोपं असतं, म्हणूनच तपासावं.’ हे वाक्य मी ऐकलंय. कपाटावरून! परवाच तो एका विद्यार्थ्याला हेच सांगत होता.

अस्तनीतला निखारा.

१२ सप्टेंबर
नुसत्या संशयावर जाणारा माणूस मी नव्हे. शास्त्रशुद्ध हिशेब मांडला. पुरावा पहिला: ते वाक्य. दुसरा: अर्धविरामांचा सुळसुळाट, त्यालाही ती खोड आहे. तिसरा: आकृत्यांना क्रमांक नाहीत म्हणून तक्रार, तोही आकृत्यांवरून विद्यार्थ्यांना छळतो. चौथा: निकाल आला त्या दिवशी तो माझ्याकडे बघून खोकला.

प्रत्येक पुरावा सुटा आहे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, असं धरलं. तसं धरल्याशिवाय गुणाकारच करता येत नाही. उत्तर: तोच असण्याची संभाव्यता नव्याण्णव पूर्णांक सत्त्याण्णव टक्के.

इतकं नेटकं काम मी वर्षभरात केलं नव्हतं. दोन पानं झाली. आलेखही काढला.

१८ सप्टेंबर
आमची चहाची किटली सामाईक आहे. आजपासून नाही. कपाटाच्या माझ्या बाजूला आणून कुलपात ठेवली. तो आला, रिकामी जागा बघितली आणि बिघडली का, दुरुस्तीला दिली का, असं विचारलं. दुरुस्ती! शब्द बघा कसा निवडला.

संभाव्यता आता नव्याण्णव पूर्णांक नव्याण्णव.

३ ऑक्टोबर
आज संगणकावरच्या त्या खोट्या रांगेला, म्हणजे सिम्युलेशनला, बसणार होतो. पण त्याने सांगितलं म्हणून करायचं म्हणजे त्याच्या ताटाखालचं मांजर होणं. आधी उत्तरपत्र.

तो दारात येऊन विचारून गेला, पेपरचं काय झालं, काही मदत हवी का. चोराच्या उलट्या बोंबा. मी म्हटलं, तुला माहीतच आहे. तो म्हणाला, मला कसं माहीत असणार? अभिनय मात्र उत्तम.

२६ ऑक्टोबर
उत्तरपत्र तयार. साडेसहा पानं, मूळ पेपर आठ पानांचा. काही निवडक वाक्यं इथे नोंदवून ठेवतो, पुढे उपयोगी पडतील:

‘परीक्षक क्रमांक दोन यांना संख्याशास्त्राचा गंध नाही, हे त्यांच्या प्रत्येक अर्धविरामातून दिसते.’

‘एका थोर गुरूंच्या हाताखाली शिकूनही काहींच्या पदरी काहीच पडत नाही, याचे परीक्षक हे जिवंत उदाहरण होत.’

‘सुचवलेली तपासणी करण्यास मी नकार देतो.’

हिला वाचून दाखवलं. तिने विचारलं, तपासणी करायला किती वेळ लागला असता? म्हटलं, एक सकाळ. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पेशंट दात घासत नाही म्हणतो तेव्हा ती असंच बघते.

पाठवलं. हलकं वाटलं.

९ नोव्हेंबर
सरांचा फोन. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून केला. वाटलं, उत्तरपत्राची कीर्ती त्यांच्यापर्यंत गेली.

गेली होती.

सर म्हणाले, संपादकांनी तुझं पत्र माझ्याकडे पाठवलं, दोन नंबर मीच. म्हणाले, प्रमेय वाचून पहिल्या पानावरच तुला ओळखलं होतं, आनंद झाला होता, म्हणूनच दीड पान लिहिलं. वाईट पेपरवर मी चार ओळी लिहितो. हे ते शांतपणे सांगत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग विचारलं, ते थोर गुरू कोण रे?

ते वाक्य सरांचंच. अर्धविरामही त्यांचे, आकृत्यांचे क्रमांकही त्यांचेच. कपाटापलीकडच्याने ते सगळं त्यांच्याकडूनच उचललं, आमच्या बाकावर बसून. मी त्याच बाकावर होतो. चारही पुरावे एकाच माणसाचे निघाले, खोकला सोडून. खोकल्याचं म्हणाल तर त्या दिवशी त्याला ताप होता. विभागात सगळ्यांना माहीत होतं.

म्हटलं, सर, आठवड्यात तपासणी करून देतो. ते म्हणाले, माझ्याकडून हो आहे रे, पण तू लेखी नकार दिलास. संपादकांनी फाईल बंद केली.

फोन ठेवल्यावर लाज वाटली. दुसरं काही वाटलं असं लिहायला शब्द शोधले, सापडले नाहीत.

१० नोव्हेंबर
किटली परत जागेवर ठेवली. तो म्हणाला, झाली वाटतं दुरुस्त. हो म्हटलं.

२१ नोव्हेंबर
मुलाखत. समितीने विचारलं, या वर्षी स्वीकारलेला पेपर? म्हटलं, एक आहे, तो थोडा... त्यांनी पुढचं ऐकून घेतलं नाही. बाहेर आलो तेव्हा तो आत जात होता. माझा टाय वाकडा झाला होता. त्याने थांबून सरळ केला आणि आत गेला.

जागा त्याला मिळाली. विभागप्रमुखपदही त्याच्याकडेच आलं.

२ डिसेंबर
आठ दिवसांची रजा टाकली. कारण: प्रकृती. अर्जावर विभागप्रमुखांची सही लागते. त्याची खोली आता वरच्या मजल्यावर आहे. स्वतंत्र, मध्ये कपाट नाही. त्याने बस म्हटलं. मी उभाच राहिलो.

त्याने सही केली. काही विचारलं नाही. मग पेन खाली ठेवून म्हणाला, तुझं ते रांगेचं प्रमेय मला फार आवडायचं, जर्नलवाल्यांनी काय खोडा घातला? कोण होता परीक्षक?

हिशेबाची ती दोन पानं मला तोंडपाठ आहेत.

चांगला माणूस होता, मी म्हटलं, आणि अर्ज घेऊन जिना उतरलो.