जबड्यातली बाभळ

९ जानेवारी

पुन्हा रक्त! क्लॅरिनेट ओठांतून काढली तर टोक लाल. वरचा समोरचा दात हलतोय, आणि वाजवताना सगळा भार त्याच्यावरच. मे महिन्यात पोलीस बँडची निवड आहे. तोवर हा पडला तर जन्मभर दाभोळकर कॉर्नरला ट्रॅफिक आवरत शिट्टीच फुंकायची. नको ग बाई.

११ जानेवारी

दंत कॉलेजात गेले. तिथल्या दीक्षा मॅडम तरुण आहेत, हळू बोलतात. चौकातल्या धुरानं हिरड्या सुजतात म्हणे. बाभळीच्या आणि डाळिंबाच्या सालीचा अर्क लावला तर हिरड्या तग धरतात का, हे त्या आम्हा ट्रॅफिकवाल्यांवर बघतायत. रोज दोनदा जेल लावायचं, दुसरं काही हिरडीला चोळायचं नाही. काहींच्या ट्यूबमध्ये अर्क असतो, काहींच्या नसतो. कुणाच्या, ते शेवटीच कळणार.

तंबाखू खाता का, ओढता का, असंही विचारलं. मी आणि तंबाखू! छे!

माझी ट्यूब कडवट लागते. म्हणजे माझ्या वाट्याला बाभळ आलीय, नक्की.

१५ जानेवारी

दुसरं काही चोळायचं नाही, म्हणजे मिसरीही बंद. सकाळी आम्ही तिघी मोरीपाशी बसायचो — आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, मी आणि माझी दहावीतली लेक राजनंदिनी. बोट दातांवर, गप्पा तोंडातल्या तोंडात. आता त्या दोघीच बसतात. मला फार चुकल्यासारखं होतं.

आत्ती म्हणाल्या, "तंबाखू तव्यावर करपली की तिची तंबाखू ऱ्हात न्हाय, दातांचं औषध हुतंय. आन् तू हे चिकाट लावत बसलीस व्हय?"

त्यांचंही खरंच आहे. पण दात टिकायला हवा ना!

१९ जानेवारी

डोकं ठणकतंय. एका रिक्षावाल्यावर उगीच खेकसले. बाभळ उष्ण पडली असणार.

२ फेब्रुवारी

काय स्वप्न पडलं! माझ्या जबड्यात बाभळ उगवलेली. मुळ्या दातांना वेटोळे घालून बसल्यात, पिवळ्या फुलांचे गोंडे नाकाला गुदगुल्या करतायत. चौकात सगळ्या गाड्या उभ्या. धूर सरळ पानांत शिरतोय आणि पानं तो गिळून टाकतायत. मी शिट्टी फुंकली तर तिच्यातून भूप निघाला. कुणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. एक म्हैस तेवढी सिग्नल तोडून निवांत गेली, आणि मी तिला अडवलं नाही.

उठले तरी तोंडात सावली असल्यासारखं वाटत होतं. आत्तींना सांगितलं तर म्हणाल्या, थांब, दृष्ट काढती.

३ फेब्रुवारी

परत तेच झाड. आज त्यावर चिमण्या होत्या.

१० मार्च

रक्त नाही! किती दिवस झाले, नाहीच. आरशात हिरडी गुलाबी दिसते. दातही आता हट्टानं उभा आहे. ड्यूटी संपवून कळंब्याच्या तळ्यावर गेले आणि मनसोक्त वाजवलं. सूर पाण्यावरून पलीकडे गेले, जरा वेळानं परत आल्यासारखे वाटले. वाऱ्यात कसलातरी गोड वास होता. मला रडूच आलं. इतकी सुखात मी कधी होते, आठवत नाही.

घरी येताना वाटेत एक खरी बाभळ दिसली. गाडी थांबवून तिला हात लावला. काटा टोचला!

२१ मे

निवड झाली! बँडमास्तर गणपतराव कुणाला बरं म्हणत नाहीत. मला म्हणाले, "फुंक भरून हाय पोरी." राजनंदिनीनं गल्लीभर पेढे वाटले. दीक्षा मॅडमनाही नेऊन दिले. हे सगळं तुमच्या झाडामुळं, म्हटलं.

६ जून

आज ट्यूबांचं कळलं. माझ्यात बाभळ नव्हती, डाळिंब नव्हतं. नुसतं कडू चिकाट.

मॅडमही बुचकळ्यात पडल्या. जेल लावायला लागल्यापासून काही सोडलंत का, म्हणाल्या. एक मिसरी तेवढी, म्हटलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळूच बोलल्या, "ताई, भाजली तरी ती तंबाखूच असते."

घरात पाऊल टाकलं आणि आधी राजनंदिनीला म्हटलं, तोंड उघड.