भट्टीपासून लांब

आत्याबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला तुमच्यासमोर बोलता येत नव्हतं. त्यामुळे तुम्ही होता तेव्हाही आपल्या दोघींत कामापुरतंच बोलणं व्हायचं. दूध आलं का, लाकडं ओली तर नाहीत ना, जेवलीस का. सासूला आत्याबाई म्हणायची आपल्याकडची रीत, म्हणून मी म्हणायचे. पण तुम्ही मला सुनेसारखं वागवलं नाही, लेकीसारखंही नाही. कामावरच्या माणसासारखं वागवलं. तेव्हा त्याचं वाईट वाटायचं. आता माझ्याच भट्टीवर बाया कामाला आहेत, आणि माणसाला कामावरच्या माणसासारखं वागवणं किती अवघड असतं, ते मला या उन्हाळ्यात कळलं.

आपला खवा दुष्काळात सुरू झाला, हे आता गावात कुणाच्या ध्यानातही नाही. विहिरी तळाला गेल्या, जनावरं आटली, आणि गावचं दूध इतकं कमी झालं की सोसायटीची गाडी फाट्यावरूनच माघारी फिरायला लागली. पुढं ती यायचीच थांबली. ज्यांच्याकडं एखादी म्हैस अजून दूध देत होती, त्यांनी ते घालायचं कुठं? तुम्ही माळ्यावरची लग्नातली कढई काढलीत, परसात तीन दगड मांडलेत आणि म्हणालात, "दूध नासण्यापरीस आटवलेलं बरं." तेव्हापासून लोक किटल्या घेऊन आपल्या दारात यायला लागले. मी दूध गाळायचे, बाभळीची लाकडं सारायचे, पाणी द्यायचे. उलथनं मात्र तुमच्याच हातात. एकदा तुम्ही दारात कुणाशी बोलत होता म्हणून मी हात लावला, तर तुम्ही तिथूनच ओरडलात, "ठिव ते खाली!" मी ठेवलं. पुन्हा हात लावला नाही.

आणि मग चारा छावणी लागली. तुमचे चिरंजीव साखर कारखान्यावर, ट्रॅक्टरवर गेलेले. जनावरांसोबत घरातलं कुणीतरी राहायला हवं होतं. मला वाटलं मलाच पाठवणार. सकाळी मी धडप्यात कपडे-भाकरी बांधून तयार बसलेय, आणि तुम्ही पदर खोचून म्हशींची दावी सोडताय.

"मी जाते. भट्टी तू बघ."

"मला न्हाई जमायचं, आत्याबाई."

"कावून न्हाई जमायचं? इतके दिस काय डोळे झाकून बसलीवतीस?"

एवढंच. कढई कधी उतरवायची, जाळ कधी ओढायचा, काही सांगितलं नाहीत. मागं वळूनही पाहिलं नाहीत. म्हशींमागून धुळीतून जाणारी तुमची पाठ मला अजून दिसते.

छावणीतलं दूध रोज जीपनं यायचं. मी खवा करायचे आणि त्यातला थोडा डब्यात घालून त्याच जीपनं तुम्हाला पाठवायचे. चांगला झाला म्हणा, वाईट झाला म्हणा, पण काहीतरी म्हणा. दुसऱ्या दिवशी डबा परत यायचा, रिकामा, घासून पुसून. निरोप नसायचा. एक दिवस सगळी कढई करपली. काळाकुट्ट गोळा, आणि घरभर वास. मी रडत तो करपलेलाच खवा डब्यात भरला आणि जीपवाल्याला म्हटलं, आत्याबाईला विचार, आता मी काय करू. दुसऱ्या दिवशी तो हसत हसतच आला. "म्हातारी म्हणली, कढई घासून टाक."

मला इतका राग आला होता! छावणी काही लांब नव्हती. दुपारची उन्हं कलल्यावर निघालं तर दिवस मावळायच्या आत जाऊन येण्यासारखी. बाकीच्या बाया घरी चक्कर मारून जायच्या. तुम्ही एकदाही आला नाहीत. पहिला पाऊस होऊन छावणी उठली तेव्हाच आलात, ओट्यावर बसलात, मी कढई उतरवताना बघितलंत आणि म्हणालात, "पानी दे." त्या दिवसापासून उलथनं माझ्याकडं राहिलं. तुम्ही लाकडं सारायला बसलात. मी मनात म्हटलं, म्हातारी थकली.

तुमच्या दहाव्याला छावणीतली एक शेजारीण आली होती. तिनं सांगितलं, तुझी सासू रोज दुपारी गावाकडं निघायची. नाल्यापर्यंत जायची आणि माघारी यायची. आम्ही विचारलं, घर एवढ्यावर आलंय, मग जात कावून न्हाई? तर म्हणायची, "गेले तर हात लागंल माझा." हे ऐकून मी मान हलवली आणि तिला चहा दिला. ते आत कुठं उतरलं नव्हतं. उतरलं असतं तर पुढची इतकी वर्षं मी तशी वागले नसते.

तीन दगडांच्या जागी आता पत्र्याची शेड आहे. कढया वाढल्या, बाया आल्या. आपला खवा अंबाजोगाईला जातो, सिरसाळ्याला जातो. पण कुठलीही कढई उतरवायची ती मीच. बाया हलवत राहायच्या आणि मी या कढईवरून त्या कढईवर पळायचे. नातीला पुण्यात बाळ झालं तेव्हा मी एका रात्रीच्या गाडीनं गेले आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीनं परत आले. तुमचे चिरंजीव शेवटच्या दुखण्यात म्हणायचे, "जरा बस की माझ्यापाशी." मी म्हणायचे, "आले, एवढी उतरवून."

यंदा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर भट्टीपुढं जायचं नाही, धूर नको, वाफ नको. मग मी काळा चष्मा लावून शेडच्या दारात खुर्ची टाकली. दिसत नव्हतं, पण वास येत होता ना. जाळ ओढ. हात थांबला तुझा. वास आला, उतर. आता नको, ठेव. कामावरच्या बायांत सगळ्यांत जुनी जी आहे, तिला सगळ्या थोरली म्हणतात. तिनं चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी पदरानं हात पुसत माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"काकू, एक तर तुमी करा, न्हाईतर मला करू द्या. दोगींचा हात एका उलथन्याला लागत न्हाई."

"अगं, बिघडलं तर?"

"बिघडंल. लई तर काय, माणूस मरतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. बाकीच्या आल्या, पण एकीनंही कढई उतरवायला हात पुढं केला नाही. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत बसल्या. दारात दूध येऊन पडलेलं, ऊन चढत चाललेलं. त्या वेळी मला कळलं की इतक्या वर्षांत मी बायांना खवा करायला शिकवलंच नव्हतं, माझ्याकडं बघायला शिकवलं होतं.

मी चष्मा लावून, भिंतीला धरत थोरलीच्या घरी गेले. ती दळण निवडत होती. उठली नाही. मी म्हटलं, "चल, मी शेडमध्ये पाय ठेवणार नाही." ती म्हणाली, "पाय न्हाई ठेवणार, पर नाक?" मला हसू आलं आणि रडूही. म्हटलं, "नाकसुद्धा नाही. मी गावातच थांबत नाही." तिनं सूप बाजूला ठेवलं.

त्या दिवशीचा खवा थोडा जास्त आटला होता, रंगाला लालसर, असं परत आल्यावर कळलं. मी असते तर पाठवू दिला नसता. अंबाजोगाईच्या पेढेवाल्याला मी स्वतः फोन केला, कसा होता म्हणून. तो म्हणाला, "कसा म्हणजे? नेहमीसारखा." पुढच्या आठवड्यात त्यानं जास्तीचा मागवला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आत्याबाई, त्यानंतर घरात बसवेना. बाया डबे उघडून हसत खिदळत जेवतात, तो आवाज ओट्यापर्यंत येतो. मी दारापर्यंत गेले की एकदम गप्प होतात, कुणीतरी खुर्ची देतं. वाईट वागत नाहीत हो, मान देतात. मालकिणीला देतात तसा. ज्यांच्यासाठी वेळ काढायचा राहून गेला होता त्यांतलं आता घरात कुणी नाही, आणि वेळ मात्र सगळा माझ्याकडं आलाय. तुम्ही लाकडं सारत माझ्या शेजारी बसायचा, तेव्हा तुम्हालाही असं वाटायचं का? मी कधी विचारलं नाही. बोलायची सवयच नव्हती.

हे कुणाला वाचून दाखवण्यासारखं नाही. घरी जाऊन भट्टीत घालावं, तर भट्टीपुढं थोरली असणार. ती विचारील, काकू, काय जाळताय.

मी हे केजच्या स्टँडवर बसून लिहितेय. बायांना सांगून आलेय की तहसीलमध्ये काम आहे, वेळ लागंल. काही काम नाही. कालही नव्हतं. गावाकडची गाडी केव्हाची लागलीय. पण एवढ्यात त्यांची कढई उतरली नसेल. अजून जरा बसते.