स्नॉर्केलिंग आणि मिशी

सौ. गृहमंत्री यांना सप्रेम,

माझी सुट्टी मंजूर झाली, जीव भांड्यात पडला. तुम्ही इकडे आलात की थेट समुद्रावर जायचं. काल तिथे जाऊन स्नॉर्केलिंग, म्हणजे चष्मा लावून, तोंडात नळी धरून पाण्यातले मासे बघायला शिकवणाऱ्याला भेटलो. मुलांना जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यातच नेतात, मासे तिथेही दिसतात. तेव्हा उगाच घोर लावून घेऊ नकोस. थोरलीची सर्दी गेली का? नाक चोंदलेलं असेल तर पाण्यात नको म्हणाला.

नाक झाकणारा तो चष्मा मीही लावून पाहिला. मिशीमुळे फट राहते, सगळं खारं पाणी आत. "मिशी काढा, नाहीतर काठावर चपला सांभाळा," तो म्हणाला.

मिशीचं काही नाही गं. पण मी निघालो तेव्हा धाकटा पाळण्यात होता. फोटोतल्या मिशीवर बोट ठेवून तो 'बाबा' म्हणतो, असं तूच लिहिलंस. बिनमिशीच्या माणसाकडे येईल का तो?

म्हणून ठरवलंय, तुम्हाला घ्यायला मिशीसकटच येईन. दोन दिवस त्याला ती ओढू दे. मग त्याच्यासमोरच काढीन, साबणाचा फेसही त्यालाच लावू दे.

तोवर कपाटावरचा माझा फोटो खाली घे. त्याचा हात पोचेल असा ठेव.

तुझाच,
अजून मिशीवाला