खालच्या पेटीतली वस्ती

३ तारीख

पोचलो एकदाचा! दादाला वाटत होतं, मी वाटेतच उतरून पसार होणार. त्याचंही चुकलं नाही, आजवर एक काम धड टिकवलं नाही मी. आई म्हणते पायाला भिंगरी आहे, दादा सरळ उंडग्या म्हणतो. पण हे घर बघून दादानेही तोंडात बोट घातलं असतं. दिवाणखान्यात भिंतभर काचेची टाकी, खारं पाणी, आत खडक आणि फुलांसारखे उमलणारे प्रवाळ. मासा एकच, अंगावर निळ्या-केशरी रेघा, तोरा राजाचा. त्याची देखभाल करायची, एवढंच माझं काम.

राहायला तळघरात खोली. शेजारच्या खाटेवर आचारी. त्याचा चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड. तो काढला तर मी भिंतीलाही नमस्कार घालीन, असं स्वतःच सांगतो. इथे बाई वाढताना हात आखडत नाहीत म्हणाला, महिन्यात तुझी बटणं तुटतील.

९ तारीख

मासा वाळत चाललाय. दुकानातून टाकीवाला आला होता. या माशाला जिवंत कोपेपॉड लागतात. कोळंबीचे दूरचे नातलग, पण तिळाहून बारीक, पाण्यात झटके देत पळतात. मेलेलं हा तोंडातही धरत नाही. मागच्या खेपेला दिलेली बरणी मी त्याच्या नाकासमोरच ओतली होती. त्याने सगळे चाटून पुसून साफ केले. टाकीवाला हसला, म्हणाला, गड्या, बियाणंच खाऊ घातलंस, आता पीक कपाळावर येणार का? माझी चौथीतच शाळा सुटली, पण हे मात्र डोक्यात शिरलं.

१३ तारीख

आता रीत बदलली. टाकीखालच्या कपाटात दुसरी पेटी बसवली. त्यात दगडांचे तुकडे, शेवाळाचा झुपका, मंद दिवा. मासा तिथे येऊ शकत नाही. पॉड तिथे सोडायचे, त्यांचं खाणं म्हणजे बारीक शेवाळाचं हिरवं पाणी, ते पाजायचं आणि वस्ती बसेपर्यंत धीर धरायचा. मग पंप त्यातले थोडे थोडे वर ओढतो. मागे राहिलेल्यांना पत्ताही नसतो.

मालकीणबाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, पहिले आणलेले एकदम संपवायचे नसतात, तेच पुढचे आणतात. टाकीवाला म्हणाला, बाईंना तर माझ्याहून जास्त कळतं.

साहेब वरच्या मजल्यावर असतात. फार आजारी आहेत म्हणे, अन्न जात नाही. मी अजून पाहिले नाहीत.

२१ तारीख

वस्ती बसली! खालच्या पेटीची काच पांढऱ्या ठिपक्यांनी भरलीय, बॅटरी मारली की सगळे थुईथुई पळतात. वर माशाचं पोटही भरून आलंय. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी शेवटाला नेलं.

बाई खूश झाल्या, घरी कोण कोण आहे विचारलं. दादाचं सांगितलं. धडधाकट माणूस, कारखाना बंद पडल्यापासून घरी बसलाय. तर म्हणाल्या, बोलावून घे त्यालाही, आणि स्वतःचा फोन दिला. मी जरा ऐटीतच सांगितलं, दादा, उंडग्याने तुला नोकरी लावली.  तो म्हणाला, खरं सांगतोस ना रे? आवाज भरला होता त्याचा.

२४ तारीख

साहेबांना उठवून बसवायचं म्हणून बाईंनी दुपारी आचाऱ्याला वर बोलावलं. साहेबांना चकाकी सोसत नाही, चष्मा खालीच ठेव म्हणाल्या. तो परत आला नाही. विचारलं तर म्हणाल्या, घरून निरोप आला, तसाच गेला.

चष्मा अजून उशीवर आहे. चष्म्यावाचून तो गेला कसा?

२६ तारीख

नवा आचारी आला. जुन्याचाच भाचा. मामानेच बोलावलं म्हणतो, मामा कुठे विचारतो. काय सांगू.

बाई म्हणतात साहेबांना उतार पडलाय. खरंच, आज वर पावलं वाजत होती.

२८ तारीख

बाई बाहेर होत्या. वर गेलो. दार थोडं उघडं होतं.

साहेब उभे होते. गाल गुलाबी, अंग भरलेलं. डोळ्याला पापणी नाही. मी थिजलो तेव्हा त्यांची नजर माझ्यावरून घसरून गेली. माझं बोट हललं — नजर लगेच वळली. कोपऱ्यात कपड्यांचा ढीग, घड्या घातलेला. वरती आचाऱ्याचा एप्रन. त्याखाली किती जणांचे —

कसा खाली आलो ठाऊक नाही.

२९ तारीख

भाच्याला सांगितलं. हसला. खाल्ल्या मिठाला तरी जाग, म्हणाला.

पळायला गेलो. फाटकाला कुलूप. बाई म्हणाल्या, जेवून घे आधी.

पानात भात, वर पुन्हा भात — ते हिरवं पाणी — आम्हीच खालच्या पेटीतले — आणि दादाला मीच —

फोन द्या म्हटलं. म्हणाल्या, तो केव्हाच निघालाय.

३० तारीख

दादा आला. मिठी मारली, म्हणाला, चांगलाच सुटलायस की रे. सगळं सांगितलं. पाया पडलो. त्याने ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. पुन्हा काम सोडायचा बहाणा? या वेळी साहेब माणसं खातो, होय? लाज वाटू दे. मी तरी इथे टिकणार.

कोणाला खरं वाटणार माझं — आजवर प्रत्येक कामाला काहीतरी नाव ठेवूनच पळालो —

बाई दारात. विचारलं, आज साहेबांना उठवायला कोण येतंय? माझ्याकडेच बघत होत्या.

मी येतो म्हणणार होतो. देवाशप्पथ म्हणणार होतो —

दादा येईल, म्हटलं.

तो शर्ट नीट करून गेला. जिन्यावर आहे. हसून काहीतरी सांगतोय बाईंना, माझंच — धाकटा तसा वाईट नाही म्हणतोय —

लहानपणापासून माझ्या एका हाकेला थांबतो तो. अजून अर्धा जिना आहे. मी लिहीत काय बसलोय — हाक मार — त्यांनी मला बोलावलं तर — नाही, मार हाक, अजून वर पोचला नाही, हाक मा