विद्यार्थी ‘अ’चा दीपस्तंभ

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार (साष्टांग लिहिण्यापुरताच, कंबर धरली आहे). तुमचा गुडघा जिने चढू देतो का? मामींच्या चष्म्याचा नंबर पुन्हा बदलला म्हणे; या वेळी फ्रेम तरी त्यांना विचारून घ्या.

पत्रास कारण, शनिवारी आम्हा शिक्षकांना शाळेत बोलावून ‘शिक्षणातले नैतिक पेच’ समजावण्यात आले. म्हणजे शिकवायला आलेल्या बाईंनी गटागटाला एकेक केस स्टडी दिली. आमच्या गटाची अशी: विद्यार्थी ‘अ’ पुठ्ठ्याचा सुरेख दीपस्तंभ घेऊन येतो. तो आईने केला आहे हे शिक्षिका ‘ब’ यांना स्पष्ट दिसतं. त्यांनी काय करावं? (त्यात दिवा लागत होता का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, “तो मुद्दा नाही.”) मी ताडकन सांगितलं, शून्य द्यावं. गणिताच्या बाई तर त्या आईला सगळ्यांसमोर जाब विचारायला निघाल्या. आम्ही त्या नसलेल्या आईवर यथेच्छ तुटून पडलेलो असताना चित्रकलेचे सर, जे एरवी सभेत फक्त पेन्सिलीला टोक करतात, हळूच म्हणाले, “आमच्या मुलाचा ज्वालामुखी मीच केला होता. ‘बरा आहे’ असा शेरा मिळाला.” मग एकेकाला कंठ फुटला. गणिताच्या बाईंनी लेकीसाठी पूल बांधला होता (तो वर्गात पोचण्याआधीच कोसळला). मुख्याध्यापकांनी तर अख्खी सूर्यमाला.

मग खरं उत्तर काय, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, “उत्तर नसतं, चर्चा असते.” मला काही चैन पडेना. सोमवारी तीच केस माझ्या वर्गापुढे ठेवली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, शून्य दिलंत तर आईला वाटेल तिचा दीपस्तंभच वाईट होता.” तिच्या शेजारणीने लगेच तोडगा काढला, “आईलाच वर्गात बोलवा ना. आम्हालाही शिकवू दे. मग ‘अ’ पुन्हा करेल, स्वतःचा स्वतः.” साऱ्या वर्गाने हात वर केले, आणि माझाही कधी वर गेला ते कळलं नाही.

मामींना नमस्कार. तब्येतीला जपा.

आपली भाची

ता.क. तुमच्या नातवाने वर्गात आणलेली पाणचक्की माझ्या टेबलावर आहे. फार देखणी झाली आहे. शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर करवत, गोंद घेऊन वर्गावर या. नाही म्हणायची सोय नाही, मुलांनी ठरवलं आहे. चित्रकलेचे सरही मागे बसू का म्हणून विचारत होते.

पुन्हा ता.क. पोराला रागावू नका. त्याने तुमचं नाव अजिबात घेतलेलं नाही. चाक उलटं कसं फिरतं, एवढंच मी विचारलं, तर म्हणाला, “थांब आत्या... म्हणजे बाई, आजोबांना फोन लावून विचारतो.”