खंडेनवमीला न झोपलेला संगणक

लालबाग, बुऱ्हाणपूर

चि. तृप्तीस मामाचे आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक. तू हैदराबादच्या डेटासेंटरमध्ये, म्हणजे यंत्रांसाठी बारा महिने थंडी राखलेल्या इमारतीत काम करतेस, म्हणून आधी विचारतो : स्वेटर घालतेस ना? (तुझी आईही विचारत असेल, तरी मी विचारलेलं बरं.)

आमच्या केळी-विक्री संस्थेतले मोठे संगणक गेले आणि टेबलांवर डब्याएवढ्या पेट्या आल्या. बसवायला आलेला अक्षय म्हणाला, "सर, ये तो सिर्फ खिडकी है, कमरा हैदराबाद में है." म्हणजे पडदा आणि कीबोर्ड इथे, पण माझा संगणक, फायलींसकट, तुमच्या इमारतीतल्या एका मोठ्या यंत्राच्या कोपऱ्यात चालतो. मी मान डोलावली. समजलं असं वाटलं होतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आपली हत्यारं पुजायची आणि त्यांना विश्रांती द्यायची. आमच्याकडे हे काम साफसफाई करणाऱ्या गोदाबाईंचं, टाइपरायटर होते तेव्हापासून. (दिवाळीनंतर त्या निवृत्त होतात, म्हणजे ही शेवटची.) पेट्यांना हळदकुंकू, झेंडू झाले, बटणं मी स्वतः बंद केली. दसऱ्यानंतर पेटी सुरू केली, तर माझं अर्धवट वाक्य जिथल्या तिथे आणि पुढे कर्सर लुकलुकतोय. म्हणजे संगणक तिकडे जागाच होता. हे मनात ठेवायला हवं होतं का? मला राहवलं नाही (प्रामाणिकपणा की भोचकपणा, अजून ठरत नाही) आणि गोदाबाईंना सांगून बसलो.

त्या हातातलं फडकं धरून उभ्याच राहिल्या. "मंग श्रीकांतभाऊ, मी पूजा कोनाची केली?"

"खिडकीची, बाई," आमचा हिशेबनीस धर्मेंद्र म्हणाला. "आता पडदेही धुऊन टाका."

कोणी हसलं नाही. तेव्हापासून गोदाबाई पेट्यांवरची धूळही पुसत नाहीत. लक्ष्मीपूजनाला एकदा खऱ्या यंत्राची पूजा करून मोकळं व्हायचं, एवढंच म्हणतात. भाचीला विचारतो, असं मी सांगितलंय.

जप स्वतःला.

तुझा,
श्रीकांतमामा

ता. क. हे पत्र त्याच संगणकावर टाइप केलंय, म्हणजे ते आधीच तुझ्या इमारतीत आहे. तरी पोस्टाने पाठवतो. तिथे शोधून वाचू नकोस, बरं दिसत नाही.

आणखी एक. लक्ष्मीपूजनाला आमच्या यंत्राला चिमूटभर कुंकू लावशील का? पुडी सोबत आहे.

शेवटचं. अक्षय म्हणतो, आत पाण्याची बाटलीही नेऊ देत नाहीत. मग राहू दे, नोकरी सांभाळ. गोदाबाई इथूनच हात जोडतील. फक्त तुमची इमारत कुठल्या दिशेला, ते कळव. नकाशा पाहून मीही सांगू शकतो, पण त्या म्हणतात, तिथल्या पोरीनं सांगितलेलं बरं.